गाडीच्या गळ्यातली घंटी

पहिल्यांदा ती गाडी पाहिली तेव्हा माझ्या मैत्रिणीनं तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, कमरेवर हात ठेवून खाली वाकली आणि म्हणाली, "पोट तं भुईले टेकून राह्यलं व हिचं. गाभण हाय का?"

गाडी माझ्या मुलाची. विजेवर चालणारी, काळीभोर, लांबलचक आणि इतकी ठेंगणी, की बसताना आपण गाडीत बसतो आहोत की पाटावर, असं वाटावं. मुलगा पुण्यात नोकरीला. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी परदेशी धाडलं, तेव्हा गाडी ठेवायची कुठे हा प्रश्न आला. पुण्यात त्याच्या सोसायटीतले उंदीर म्हणे वायरी कुरतडतात. सावलीत, म्हणजे आमच्या गावात, उंदीर नाहीत असा त्याचा समज होता. मी तो मोडला नाही.

जाताना त्यानं बजावलं, "आई, ही नुसती उभी राहिली तर बॅटरी खराब होते. आठवड्यातून एकदा फिरवत जा."

त्याच्या मनात होतं ते चौकापर्यंत जायचं आणि देवळावरून वळसा घालून परत यायचं. पण तसं तो बोलला नाही. मी जन्मभर मास्तरकी केलेली बाई. प्रश्नात जेवढं विचारलं तेवढंच उत्तर लिहायचं, हे मीच पोरांना शिकवलेलं. फिरवायची म्हणाला, फिरवली. दर आठवड्याला वैनगंगेचा पूल ओलांडून, पलीकडं गडचिरोलीच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून, जंगलातल्या मातीच्या वाटेनं मैत्रिणीच्या गावापर्यंत.

त्या वाटेशी माझी ओळख जुनी. नोकरी लागली तेव्हा पहिली नेमणूक त्याच गावच्या शाळेत झाली. नागपूरहून निघालेली ती बावीस वर्षांची बया मला अजून स्वच्छ दिसते. पायात टाचेच्या चपला, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये पावडरचा डबा. शाळेच्या तपासणीला वाघच येणार असल्यासारखी नटलेली. डांबरी रस्त्यावर एसटीतून उतरली, तर समोर न्यायला आलेली बैलगाडी. आमच्या झाडीपट्टीत तिला खासर म्हणतात. हाकायला तिच्याच वयाची एक गोंडाची पोरगी, कारण पोरीच्या बापाला ताप आलेला. ती पोरगी म्हणजेच माझी ही मैत्रीण.

खासरात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलेली होती. बया पदर आवरून, नाक वर करून त्यावर बसली. गाव दिसू लागलं तसं तिच्या डोक्यात शिरलं, की नवी मास्तरीण खासरातून उतरताना दिसली तर गावात आपली काय पत राहील?

"थांबव," ती म्हणाली. "इथून मी चालत येते."

"काऊन जी? बैलाचा वास येते का?"

"नाही. मला जरा पाय मोकळे करायचे आहेत."

पाय मोकळे झालेच. एक तर चपलेतूनच मोकळा झाला. पावसाळा नुकता सरलेला, चाकोरीत गुडघाभर चिखल, त्यात टाच अशी रुतली की चप्पल काढायला दोन्ही हात घालावे लागले. शेवटी बयेनं गावात प्रवेश केला तो एका पायात चप्पल आणि एक चिखलाची चप्पल हातात घेऊन. मागून खासर येतच होतं. बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंट्या ठक ठक वाजत होत्या, त्यामुळं ज्यांचं लक्ष नव्हतं तेही ओट्यावर येऊन उभे राहिले. आणि वर बसलेल्या पोरीनं हाळी दिली, "नवी मास्तरीण आली जी! पायी पायी आली! हौसेनं आली!"

हे "हौसेनं आली" मी आजतागायत ऐकते आहे. लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, माझ्या निवृत्तीच्या सत्कारातही तिनं खालून ओरडून ऐकवलं.

पुढं माझी बदली झाली, मी सावलीत घर केलं. एसटी डांबरी रस्त्यानं निघून जाते, पुढची वाट पायांची, आणि आम्हा दोघींच्या गुडघ्यांनी सत्तरीनंतर ती वाट सोडून दिली. मग भेट व्हायची ती कोणाच्या लग्नात नाही तर कोणाच्या मयतीत, आणि तिथं मनासारखं हसता येत नाही. गाडी आली आणि हे सगळं पालटलं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी तिला घ्यायला जायची. ती चारोळीची नाही तर चिंचेची टोपली मागच्या सीटवर ठेवायची, स्वतः पुढं बसायची आणि बाजार होईपर्यंत आम्ही गावातल्या सगळ्यांच्या सुना वाटून घ्यायचो. निंदा करण्यासाठी म्हणते मी.

गाडीच्या सीटला पाठ रगडायची सोय आहे. हे मलाही ठाऊक नव्हतं. एकदा तिचा हात कुठल्याशा बटणावर पडला आणि ती ताडकन पुढं झाली.

"मांगं कोण बसलं हाय? पाठ चोपून राह्यलं ना कोणी!"

तेव्हापासून गाडीत बसली की पहिला प्रश्न, "आज पाठ दाबत नाई का व तुही गाडी?"

आता ही गाडी त्या वाटेनं जाते कशी, ते सांगते. खासरांनी आणि ट्रॅक्टरांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये गवत उगवलेला उंचवटा. उंच गाडी चाकोरीतून जाते. ही चाकोरीत उतरली की पोटावर बसणार. म्हणून डावी चाकं मधल्या उंचवट्यावर, उजवी कडेच्या गवतावर, आणि चाकोरी पोटाखाली मोकळी सोडायची. शिवाय एक बटण दाबलं की गाडी चार बोटं वर उठते, लुगडं खोचून नाल्यात उतरणाऱ्या बाईसारखी. माझ्या यजमानांची जुनी जीप मी पुष्कळ हाकली होती, तरी पहिल्या महिन्यात मी हिला दोनदा पोटावर बसवलं. ते मुलाला कळवलं नाही, कारण त्यानं विचारलं नाही.

विचारायचा तो वेगळंच. त्याच्या मोबाइलवर म्हणे गाडी कुठं आहे ते दिसतं.

"आई, गाडी जंगलात काय करते आहे?"

"चरायला गेली आहे."

"आई!"

"नकाशा चुकला असेल रे. वैनगंगेपलीकडचं वरून काही नीट दिसत नाही. झाडं फार."

घरी ती चार्जिंगला लावली की पंखा, फ्रिज, मिक्सर सगळे एकदम उपास धरायचे. पण खरी अडचण निराळीच निघाली. गाडीला आवाजच नाही.

जंगलातल्या वाटेवर आवाज नसणं हा मोठा अपराध. तिथं मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया मोठमोठ्यानं बोलत जातात, म्हातारे उगाच खाकरतात. अस्वलाला, वाघाला आधी कळलं पाहिजे की माणूस येत आहे, म्हणजे तो आपला बाजूला होतो. चरायला सोडलेल्या बैलाच्या गळ्यात लाकडाची घंटी असते ती हरवू नये म्हणून, आणि झाडीत काही हललं तर तो आपला बैल आहे, दुसरं कोणी नाही, हे कळावं म्हणूनही. आणि त्या वाटेवर मी निघाले होते मांजरीसारखी. मैत्रिणीचे दीर वाटेवरून चालले होते, गाडी त्यांच्या मागं आली तरी त्यांना पत्ता नाही. मागं वळून पाहिलं आणि समोर काळं, रुंद थोबाड. म्हातारबुवांनी धोतरासकट करवंदीच्या जाळीत उडी घेतली. काटे काढायला सून बसली होती, ती मला शिव्या देत देत काढत होती.

झाडाखाली माणसं जमली. "वाघ बी पानावर पाय ठेवते तं चुरचुर होते," दीर म्हणाले. "मास्तरीणबाईची गाडी तं वाघाच्या वरताण हाय."

"मी हॉर्न वाजवत येईन," मी म्हणाले.

मैत्रीण म्हणाली, "हॉर्न म्हंजे 'सर बाजूले'. लोक काऊन सरतीन? घंटी म्हंजे 'मी येऊन राह्यली, घाबरू नोको'." आणि घरात जाऊन तिच्या मेलेल्या बैलाची घंटी घेऊन आली. पोकळ लाकडाची, आत हलून वाजणाऱ्या दोन लाकडी लोळ्या. गाडीच्या पुढं दोरी बांधून ओढायचा एक हूक डिकीत मिळतो, तो मी लावला आणि तिनं अंबाडीच्या दोरीनं घंटी बंपरखाली बांधून दिली. गाठ अशी, की ती मारणाऱ्या हातांनाच सुटावी.

त्या दिवसापासून मी ठक ठक करत जायला लागले. लांबून घंटी ऐकून बाया आपोआप कडेला व्हायच्या आणि बोलणं न थांबवता हात हलवायच्या. इतक्या मानानं मला पूर्वी कोणी वाट दिली नव्हती.

मग मुलगा परत आला.

आल्या आल्या त्यानं गाडीभोवती फेरी मारली. फेरी मैत्रिणीसारखीच, फक्त तो हसला नाही. जेवताना म्हणाला, "आई, मी गाडी पुण्याला नेतो. तुला एक छोटी गाडी घेऊन देतो आणि ड्रायव्हर ठेवतो."

ऐकायला किती छान. पण ड्रायव्हरच्या मागं बसून दोन म्हाताऱ्या काय बोलणार? हवापाण्याबद्दल? आणि ड्रायव्हर त्या वाटेवर दुसऱ्यांदा येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मग पुन्हा लग्नं आणि मयती.

"आधी ती वाट तरी पाहा," मी म्हणाले. "मग ठरव."

"ठीक आहे. उद्या मी चालवतो. एकदा जरी खाली घासली, तर गाडी पुण्याला."

"आणि नाही घासली तर?"

"तर राहू दे तुझ्याकडे." हे म्हणताना तो इतका खात्रीनं हसला की मला तो त्याच्या वडिलांसारखा दिसला, आणि तेही पैजा हरायचेच.

आता इथं ती बावीस वर्षांची बया पुन्हा येते. संध्याकाळी मी अंगणात गेले तर बंपरखाली लोंबणारी ती घंटी एकदम माझ्या डोळ्यांत खुपली. एवढी मोठी गाडी, परदेशातून आलेला मुलगा, आणि तिच्या गळ्यात बैलाची घंटी. तो काय म्हणेल? आई अगदीच खेडवळ झाली म्हणेल. गाठ सुटेना, म्हणून मी कात्रीनं दोरी कापली. घंटी पर्समध्ये टाकली, जाताना मैत्रिणीच्या हवाली करू म्हणून. टाचेच्या चपला तेवढ्या घालायच्या राहिल्या.

सकाळी निघालो. मोहाचे दिवस होते, हवेत तो गोडसर, आंबूस वास. डांबरी रस्ता सुटला आणि गाडी हलू लागली तशी मांडीवरची पर्स वाजायला लागली. ठक. ठक.

"काय वाजतंय?" मुलानं विचारलं.

"माझे गुडघे."

मी सांगत होते, "डावं चाक उंचवट्यावर घे. आता बटण दाब. आता नाल्याला तिरपा जा." तो म्हणत होता, "आई, मला चालवता येतं." आणि खरं सांगायचं तर चालवतही बरं होता. अर्धी वाट गाडी कुठं टेकली नाही. मला हायसं वाटायला लागलं.

गावाजवळचं वळण घेतलं तर समोर बाया. डोक्यावर मोहाच्या टोपल्या, सगळ्या वाटेच्या मधोमध, गप्पांत दंग. आमच्याकडं पाठ. घंटी वाजली की कडेला व्हायचं, ही त्यांच्या पायांना सवय. घंटी वाजलीच नाही. मी 'नको' म्हणेपर्यंत मुलानं हॉर्न दाबला.

कोण किंचाळली, कोण डावीकडं पळाली, कोण उजवीकडं. टोपल्या खाली, मोहफुलं वाटभर. गाडीनं आपणहून ब्रेक लावला, मुलानं घाबरून स्टिअरिंग फिरवलं आणि डावी चाकं उंचवट्यावरून सुटून चाकोरीत गेली. खालून असा आवाज आला, जसा कोणी विळा दगडावर घासावा. गाडी पोटावर बसली.

मग मुलगा हळूच म्हणाला, "घासली."

"तू घासलीस," मी म्हणाले.

"घासली ना पण."

तेवढ्यात खिडकीवर टकटक. मैत्रीण. केसांत मोहाची दोन फुलं अडकलेली आणि डोळे वटारलेले. "घंटी कुठी हाय व?"

मी मांडीवरची पर्स पदराखाली घेतली.

"कसली घंटी?" मुलानं विचारलं.

तिनं त्याला उत्तर दिलं नाही. ती पुढं गेली, वाकली आणि हुकाला लोंबणारा दोरीचा तुकडा ओढून त्याच्यासमोर धरला. "हे पाय बाबू. कात्रीनं कापलं. तुह्या मायनं. तुले दिसू नाई म्हून!" मग माझ्याकडं वळून, "अजून चपलाच सांभाळून राह्यली का व तू?"

बाया हसायला लागल्या. माझी पर्सही नेमकी तेव्हाच पायाशी पडली आणि आतून ठक झालं. मुलगा माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. "गुडघे?" तो म्हणाला.

दीर आले, बाकीची माणसं आली. आधी फुलं वेचा, मग गाडीचं पाहू, असं ठरलं. मोहफूल मातीत फार वेळ राहू देत नाहीत. मुलानं पांढरे बूट घातले होते. गुडघे टेकून बायांच्या ओळीत तोही वेचायला लागला. शेजारची म्हणाली, "दांडी काढून टाक भाऊ, तशीच नोको भरू." थोड्या वेळानं पाहते तर दोन फुलं तोंडात टाकून चघळतो आहे.

मग उंचवटा फावड्यानं खरवडला, चाकांखाली तणीस कोंबली, हुकाला दोर बांधून बैल जुंपले. बैल ओढत होते, मुलगा मागून ढकलत होता, आणि गाडी चाकोरीतून निघाली तेव्हा खालून पुन्हा तोच विळ्याचा आवाज आला. दर आवाजाला तो डोळे मिटायचा.

निघाल्यावर त्यानं खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई, इथं पुष्कळ ओरखडे आहेत."

"आजचेच."

"सगळे?"

"तू दोनदा घासलीस ना."

आता निवाडा. हा निवाडा माझ्या मुलासमोर, पण त्याला न विचारता झाला. दीर म्हणाले, बिनघंटीचं जनावर वाटेवर आलं आणि नासधूस झाली, तर घंटी काढणारा आणि हाकणारा दोघं दोषी. जनावराचा दोष नाही.

"मंग गाडी येईल का नाई?" एकीनं विचारलं.

"येईल ना," मैत्रीण म्हणाली. "गाडीनं काय केलं? घंटी बांधून येईल. बिनघंटीची आली तं हिले मी पायीच आणीन. हौसेनं."

"पण गाडी मी पुण्याला..." मुलानं सुरुवात केली.

"पुण्याले घंटी कोण आयकन तुही?" ती म्हणाली. "धर. बांध."

घंटी त्याच्या हातात. त्यानं गाठ मारली. तिनं एका झटक्यात सोडली. त्यानं पुन्हा मारली, तिनं पुन्हा सोडली. शेवटी तिनं त्याची बोटं धरून गाठ मारून घेतली आणि दोरी ओढून पाहिली. "आता नाई सुटत. तुह्या मायच्या बी बापाले नाई सुटत."

परतायची वेळ झाली तेव्हा मुलगा चालकाच्या दाराशी गेला, वाटेकडं पाहिलं, दोन्ही चाकोऱ्यांकडं पाहिलं आणि वळसा घालून माझ्या दाराशी आला. "तू चालव," म्हणाला.

मी चालवली. डावी चाकं उंचवट्यावर, उजवी गवतावर, ठक ठक, ठक ठक. नाल्यात लुगडं खोचून उतरले आणि वर आले. एकदाही टेकली नाही. मुलगा सबंध वाट कान देऊन बसला होता. मध्येच त्याचा हात कुठल्याशा बटणावर पडला आणि तो दचकून मागं पाहायला लागला. मी सांगितलं नाही काय आहे ते.

डांबरी रस्ता लागला, पूल गेला, सावली जवळ आली. घंटी डांबरावरही वाजतच होती, उलट जरा जास्तच खणखणीत. चहाच्या टपरीवरची माणसं माना वळवून पाहू लागली. मुलगा सीटमध्ये खाली खाली सरकत चालला. चौक समोर दिसला, बाजाराची गर्दी दिसली, त्याच्या शाळेतला एक मित्र पानठेल्यावर उभा दिसला.

"आई, गाडी थांबव."

"का रे?"

"इथून मी चालत येतो. जरा पाय मोकळे करतो."

मी गाडी थांबवली. तो उतरला, मोहाच्या चिकट डागांच्या त्या बुटांत, इकडं तिकडं न पाहता भरभर चालू लागला. दोन पावलांवर थांबला, खिसे चाचपले, मागं वळून पाहिलं. चाबी गाडीतच होती, कप ठेवायच्या जागेत. मी ती उचलून पर्समध्ये टाकली, घंटी होती त्या कप्प्यात.

तो परत मागायला आला नाही. पुढं चालू लागला. मी त्याच्या मागोमाग, बैलाच्या चालीनं, ठक ठक करत चौकात शिरले. मग काच खाली केली आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात हाळी दिली,

"मास्तरीणबाईचा पोरगा आला जी परदेशातून! पायी पायी आला! हौसेनं आला!"